थंड समुद्रातला खडाशंख

आमच्या कॉलेजात देवगडकडचा एक विद्यार्थी होता. दिवाळीच्या सुट्टीहून परतताना तो एकदा कागदाच्या पुडीत मूठभर शिंपल्या घेऊन आला. पुडी माझ्या टेबलावर उलटी करून म्हणाला, "सर, आमच्या धाकट्या बहिणीनं ह्यांची माळ ओवायला घेतली होती. भोक पाडावंच लागत नाही, आयतंच असतं. पण हे पाडतं कोण?"

मी एक शिंपली उचलून उजेडाकडे धरली. भोक दाभणाच्या टोकाएवढे, पण इतके गोल की जणू एखाद्या कारागिराने गिरमिटाने पाडावे. लाटांच्या घासण्याने शिंपली झिजते, फुटते, तिला वेडीवाकडी खिंडारे पडतात. पण असे नीटस भोक लाटेच्या हातून सहसा होत नाही. हे काम जिवंत कारागिराचे. आणि तो कारागीर म्हणजे दुसरा एक शंखच, म्हणजे समुद्रातली एक मांसाहारी गोगलगाय.

गोगलगाय म्हटली की पावसाळ्यात भाजीच्या वाफ्यात पाने कुरतडणारा एक मऊ, गरीब जीव आपल्या डोळ्यांसमोर येतो. समुद्रात मात्र तिच्या भाऊबंदांपैकी कित्येक जण पक्के शिकारी आहेत. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरही अशा शिकारी शंखांच्या अनेक जाती आढळतात. परंतु आज मी त्यांच्या एका दूरच्या नातलगाची हकीगत सांगणार आहे. हा नातलग आपल्याकडे मुळीच सापडत नाही, कारण आपले कोमट पाणी त्याला मानवत नाही. तरीही त्याची ओळख करून घेण्यासारखी आहे. आजूबाजूच्या पाण्यात काय चालले आहे, त्याची नोंद ह्या चिमुकल्या प्राण्याच्या कवचावर आणि शरीरावर उमटत असते. आणि ती नोंद काही माणसांनी लक्षपूर्वक वाचली म्हणून माणसाची एक मोठी चूक उघडकीस आली.

ह्या शंखाला इंग्रजीत 'डॉगव्हेल्क' म्हणतात. शास्त्रीय नाव 'न्यूसेला लॅपिलस'. स्वीडनचा थोर निसर्गशास्त्रज्ञ लिनियस याने १७५८ साली त्याची नोंद केली आणि त्याला 'लॅपिलस' हे नाव दिले. लॅटिन भाषेत लॅपिलस म्हणजे लहानसा दगड, खडा. म्हणून आपणही आजच्यापुरते त्याला 'खडाशंख' म्हणू या. उंची साधारण तीन सेंटिमीटर, म्हणजे आपल्या अंगठ्याच्या पेराएवढी. क्वचित एखादा त्याच्या दुपटीलाही पोचतो. पोर्तुगालपासून इंग्लंड, आयर्लंड, नॉर्वे, आइसलंडपर्यंत आणि समुद्राच्या पलीकडे अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, अशा उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्याच्या काठाने त्याची वस्ती आहे. भरतीला पाण्याखाली जाणारे आणि ओहोटीला उघडे पडणारे खडक हे त्याचे घर. दिवसातून दोनदा समुद्र त्याच्या अंगावरून जातो आणि दोनदा तो वाऱ्यात उघडा पडतो. त्या वेळी तो कवचात शिरतो आणि पायाला असलेले शिंगासारखे कठीण झाकण दाराला लावून घेतो.

आता त्याचे कवच पाहू. शंख काही कोठून आणून अंगावर चढवलेला नसतो. तो प्राणी स्वतःच तो बांधीत असतो. त्याच्या मऊ अंगावर प्रावरण नावाचा एक पातळ पदर असतो. समुद्राच्या पाण्यात विरघळलेला चुना घेऊन हा पदर कवचाच्या तोंडाशी थोडाथोडा नवा थर चढवतो. घराची भिंत वाढवताना गवंडी जसा शेवटच्या थरावर पुढचा थर रचतो, तसेच. शेंड्याकडचे टोक हे त्याचे बाळपण आणि तोंडाची कड हा त्याचा आजचा दिवस. दोनतीन वर्षांनी प्राणी वयात आला की लांबी वाढणे बहुधा थांबते आणि ओठ मात्र जाड होतो. कवचाच्या खालच्या टोकाला एक आखूड पन्हळ असते. तिच्यातून एक नळी बाहेर काढून हा प्राणी पाणी आत घेतो आणि भक्ष्याचा वास ओळखतो. रंग म्हणाल तर बहुतेक पांढरे किंवा राखी. पण काही तपकिरी, काही पिवळे, काही जांभळट, आणि काहींच्या अंगावर तर लुगड्याच्या काठासारखे गडद पट्टे.

मौज अशी की एकाच जातीच्या ह्या शंखाचा आकार जागोजागी बदलतो. जिथे मोकळ्या समुद्राच्या लाटा थडाथड आपटतात, तिथला खडाशंख बुटका, पातळ कवचाचा आणि रुंद तोंडाचा असतो. तोंड रुंद म्हणजे पाय मोठा, आणि पाय मोठा म्हणजे खडकावरची पकड घट्ट. उलट, शांत खाडीच्या आडोशाला राहणारा खडाशंख उंच, जाड कवचाचा आणि अरुंद तोंडाचा असतो. तिथे लाटांचे भय कमी, पण खेकड्यांचे भय फार. खेकडा नांगीने कवचाची कड मोडत मोडत आत शिरतो किंवा सगळे कवचच चिरडतो. जाड भिंतीचे आणि अरुंद दाराचे घर फोडणे त्याला जड जाते. आपल्याकडे चोरादरोड्यांच्या मुलखात जुने वाडे कसे जाड भिंतींचे आणि बुटक्या दाराचे बांधीत, तसाच हा प्रकार.

तुम्ही म्हणाल, "अहो, पण त्या जिवाला कसं कळतं, की इथं खेकडे आहेत म्हणून?" हा प्रश्न शास्त्रज्ञांनीही विचारला आणि प्रयोग करून पाहिला. खडाशंख ज्या पाण्यात ठेवले होते त्यात खेकड्यांच्या टाकीतले पाणी सोडले. खेकडा मात्र त्यांच्याजवळ जाऊ दिला नाही. नुसत्या त्या वासाने शंखांनी कवच जाड करायला घेतले. चिरडलेल्या जातभाईंचा वास मिसळला तेव्हाही त्यांनी धास्ती घेतली. अर्थात ही तटबंदी फुकट होत नाही. भ्यालेला खडाशंख शिकारीला कमी निघतो, कमी खातो आणि त्याच्या अंगाची वाढ मंदावते.

ह्याच गोष्टीचा एक पुरावा अमेरिकेत मिळाला. युरोपातला एक हिरवट किनारी खेकडा माणसाच्या जहाजांबरोबर अमेरिकेत पोचला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीस तिथल्या मेन राज्याच्या किनाऱ्याकडे सरकू लागला. गीरात व्हर्माय नावाचे एक शास्त्रज्ञ आहेत. तिसऱ्या वर्षापासून त्यांना दिसत नाही. ते शंखांचा अभ्यास बोटांनी चाचपून करतात. खेकडा येण्यापूर्वी गोळा करून ठेवलेले जुने खडाशंख आणि नंतरच्या काळातले खडाशंख यांची त्यांनी तुलना केली व १९८२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला: खेकडा आल्यानंतरच्या शंखांची कवचे जाड झाली होती. शिक्षकांनी ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी. कोणी तरी पूर्वी शंख वेचले, त्यांवर जागेची व सालाची चिठ्ठी लावली आणि ते जपून ठेवले. म्हणून पुढच्या पिढीतल्या माणसाला हे शोधता आले. आपल्या शाळेच्या कपाटातल्या जुन्या डब्यांवर अशी चिठ्ठी आहे का, ते एकदा पाहावे.

आता भोकाकडे वळू. खडाशंखाचे मुख्य अन्न दोन. एक बार्नॅकल. खडकावर आणि होडीच्या बुडावर पांढऱ्या, टोकदार, पायाला कापणाऱ्या चुन्याच्या टोप्या चिकटलेल्या असतात ना, तेच बार्नॅकल. दुसरे अन्न म्हणजे मालवणकडे आणि गोव्याकडे ज्यांना शिनाणे म्हणतात, त्यांचे थंड पाण्यातले काळे-निळे भाऊबंद. बार्नॅकलच्या वरच्या झडपा ढकलून आत सोंड घालता येते. शिनाण्याचे तसे नाही. त्याची दोन कवाडे घट्ट मिटलेली असतात. तिथे भोकच पाडावे लागते.

हे भोक तो दोन हत्यारांनी पाडतो. त्याच्या पायाच्या तळव्यात एक लहानशी ग्रंथी असते. ती कवचावर टेकवली की तिच्यातून आम्ल व इतर रस पाझरतात आणि तेवढ्या जागेचा चुना मऊ पडतो. मग तो सोंडेतली जीभ पुढे काढतो. ही जीभ म्हणजे बारीक दातांची कानसच. शास्त्रीय भाषेत तिला रेत्रिका म्हणतात. तिने तो मऊ पडलेला भुगा खरवडून काढतो, पुन्हा ग्रंथी टेकवतो, पुन्हा खरवडतो. असे हे काम एकसारखे दोनतीन दिवस चालते. भोक आरपार गेले की सोंड आत घालून, मांसावर पाचक रस सोडून, तयार झालेला रस्सा तो शोषून घेतो. एक शिनाणे संपवायला सगळा मिळून कधी कधी आठवडा लागतो. घाई म्हणून नाही.

शिनाणेही गप्प बसत नाहीत. खडकाला चिकटून राहण्यासाठी त्यांच्याजवळ रेशमासारखे चिवट धागे असतात. कळपात शिरलेल्या खडाशंखावर आजूबाजूची शिनाणी हेच धागे एकेक करून चिकटवतात आणि त्याला जागच्या जागी जखडून टाकतात. कधी तो उलथाही पडतो. मग त्याला हलता येत नाही आणि तो उपाशी मरतो.

ह्या शंखाचे आणखी एक जुने नाते माणसाशी आहे, आणि ते रंगाचे. त्याच्या अंगात एक ग्रंथी असते. तिचा रस काढला तर पांढरट दिसतो. पण उन्हात धरला की तो पिवळा, मग हिरवा, मग निळसर होत होत शेवटी पक्का जांभळा होतो. वासही मोठा उग्र सुटतो, लसणासारखा. प्राचीन काळी भूमध्य समुद्राच्या काठी राजेरजवाड्यांच्या वस्त्रांसाठी जो जांभळा रंग काढीत, तो ह्याच कुळातल्या दुसऱ्या शंखांचा. आयर्लंडच्या पश्चिमेला इनिशकी नावाच्या बेटावर जुन्या मठाच्या जागी फोडलेल्या खडाशंखांचा ढीग सापडला आहे; तिथे सातव्या शतकाच्या सुमारास हा रंग काढीत असत. ७३१ साली आपला इतिहासग्रंथ पुरा करणाऱ्या बीड नावाच्या इंग्लंडातल्या मठवासी लेखकानेही शंखांपासून मिळणाऱ्या न विटणाऱ्या रंगाचा उल्लेख केला आहे. पुढे ही विद्या लोक विसरले. १६८५ च्या सुमारास विल्यम कोल नावाच्या इंग्रज गृहस्थाने हा रंग उन्हात कसा पालटतो त्याचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले, तेव्हा त्याचे पुन्हा कौतुक झाले.

परंतु ह्या शंखाची खरी कसोटी विसाव्या शतकात लागली. ती समजण्यासाठी त्याच्या पिल्लांविषयी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. समुद्रातल्या पुष्कळ शंखाशिंपल्यांची अंडी पाण्यात सुटतात, त्यांची सूक्ष्म पिल्ले प्रवाहाबरोबर कोसच्या कोस दूर जातात आणि नवीन किनारा गाठतात. खडाशंखाचे तसे नाही. मादी खडकाच्या कपारीत गव्हाच्या दाण्याएवढ्या, पिवळसर कुप्या चिकटवते. प्रत्येक कुपीत काही शेकडा अंडी असतात. पण त्यांतून वीसपंचवीस पिल्लेच तयार होतात. बाकीची अंडी ही त्या पिल्लांची शिदोरी! सुमारे चार महिन्यांनी पिल्ले कुपीतून बाहेर पडतात ती अंगावर कवच घेऊन, रांगतच. म्हणजे ज्या खडकावर जन्म, त्याच खडकाच्या आसपास आयुष्य. एखाद्या जागची वस्ती मेली, तर शेजारच्या किनाऱ्यावरून ती लवकर भरून येत नाही.

आता माणसाच्या चुकीकडे येऊ. होडी पाण्यात राहिली की तिच्या बुडाला बार्नॅकल आणि शेवाळ धरते, होडी जड होते, जळण जास्त लागते. हे आपल्या किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांना सांगायला नको. होडी ओढून काढून बूड खरवडण्याचे कष्ट त्यांना ठाऊक आहेत. ह्यावर उपाय म्हणून १९६० नंतरच्या काळात एक नवा रंग निघाला. त्यात कथलापासून बनवलेले 'ट्रायब्युटिल टिन' नावाचे विष होते. रंगातून ते हळूहळू पाण्यात झिरपे आणि बुडाला काहीही चिकटू देत नसे. रंग नामी ठरला. लहानमोठ्या हजारो होड्यांना तो लागला.

१९७० साली इंग्लंडच्या प्लिमथ बंदराजवळ स्टीफन ब्लेबर नावाच्या संशोधकाला खडाशंखाच्या माद्यांमध्ये एक विचित्र गोष्ट आढळली. काही माद्यांच्या अंगावर नराच्या इंद्रियासारखा अवयव उगवला होता. त्याने ती नोंद प्रसिद्ध केली. कारण त्या वेळी कोणास उमगले नाही. पुढे दहा-पंधरा वर्षांत नैर्ऋत्य इंग्लंडमधल्या बंदरांभोवतीचे खडाशंख विरळ होत गेले आणि कित्येक जागी नाहीसे झाले. तिकडे फ्रान्समध्ये आर्काशाँच्या खाडीत कालवांच्या शेतीवर संकट आले. पिल्ले जगेनात, मोठ्या कालवांची कवचे वेडीवाकडी जाड होऊ लागली. तिथे कालवांवर माणसांची पोटे अवलंबून होती. फ्रान्सने १९८२ साली लहान होड्यांना हा रंग लावण्यावर निर्बंध घातला.

शंखांचे कोडे प्लिमथच्याच सागरी प्रयोगशाळेतल्या ब्रायन, गिब्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडले. १९८६ साली त्यांनी दाखवून दिले की खडाशंखांचा हा ऱ्हास त्या रंगातल्या विषामुळे होत आहे. विषाने मादीच्या अंगात नराचे अवयव वाढतात. ते फार वाढले की तिची अंडी बाहेर टाकण्याची वाट बंद होते. अंड्यांच्या कुप्या आतच अडकतात, मादी वांझ होते आणि पुष्कळदा मरते. आणि ह्यासाठी विष किती लागते? एक लिटर पाण्यात एका ग्रॅमचा अब्जावा भाग! हा आकडा डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून असे समजा: एक किलोमीटर लांब, शंभर मीटर रुंद आणि दहा मीटर खोल असा एक तलाव आहे. त्यात सोनाराच्या तराजूतले मासाभर, म्हणजे तोळ्याचा बारावा हिस्सा, विष टाकून ढवळले. तेवढ्याने त्या पाण्यातल्या खडाशंखाच्या मादीवर परिणाम दिसू लागतो.

येथे क्षणभर थांबून विचार करण्यासारखे आहे. पाणी स्वच्छ दिसत होते. मेलेल्या माशांचा खच पडलेला नव्हता, दुर्गंधी नव्हती. मोठे शंख खडकावर नेहमीसारखे बसलेले होते. फक्त कपारीत नव्या कुप्या दिसेनाशा झाल्या होत्या. म्हातारी माणसे आहेत पण पाळणा हलत नाही, अशा गावासारखी ती स्थिती. जो नुसता वरवर पाहील त्याला सर्व ठीकच वाटले असते. ज्यांनी एकेक शंख उघडून पाहिला, मोजला, लिहून ठेवला, त्यांनाच खरे काय ते कळले.

१९८७ साली ब्रिटनने पंचवीस मीटरांपेक्षा लहान होड्यांसाठी ह्या रंगावर बंदी घातली. पुढे २००१ साली आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १७ सप्टेंबर २००८ पासून तो अमलात आला. त्यानंतर पुष्कळ किनाऱ्यांवर खडाशंखांच्या माद्या पुन्हा धड दिसू लागल्या, ओस पडलेल्या खडकांवर नवी वस्ती होऊ लागली. पण हे पुनरागमन रांगत रांगतच झाले, कारण ह्या जिवाला पोहणारी पिल्लेच नाहीत. शिवाय बंदरांच्या तळच्या गाळात बसलेले विष लवकर नाहीसे होत नाही. विष पसरवायला पाचदहा वर्षे पुरली; ते निस्तरायला कित्येक पटींनी अधिक वर्षे लागतात.

"पण हे सगळं विलायतेतलं झालं, आपला काय संबंध?" असे कोणी विचारील. संबंध आहे. गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तेथील संशोधकांनी १९९९ साली हाच विकार भारतीय पाण्यातल्या एका शंखात आढळल्याची नोंद प्रसिद्ध केली. तो शंख खडाशंखाच्याच कुळातला. आणि त्याचे शास्त्रीय नाव काय, तर 'क्रोनिया कोकणेन्सिस'! आपल्या कोकणचेच नाव मिरवणारा शंख. समुद्राला कुंपण नसते. जहाज जिथे जाते तिथे त्याच्या बुडाचा रंगही जातो.

तेव्हा शिक्षक मित्रांनो, किनाऱ्याजवळच्या शाळांनी एक साधा पाठ जरूर करावा. ओहोटीच्या वेळी मुलांना वाळूवर न्यावे आणि रिकाम्या शिंपल्या वेचायला सांगाव्यात. जिवंत प्राणी उचलू नयेत, कपारीतल्या कुप्यांना हात लावू नये. मग शाळेत येऊन शंभर शिंपल्यांत भोकाच्या किती, बिनभोकाच्या किती, ते मोजावे. भोक नीट पाहावे. वर रुंद आणि आत निमुळते, वाटीसारखे असेल, तर ते बहुधा वाळूत राहणाऱ्या गुळगुळीत, गोल शंखाचे काम. सरळ उभ्या काठाचे असेल, तर बहुधा खडाशंखाच्या कुळातल्या कोणाचे. वेडेवाकडे असेल, तर लाटेचे. डब्यावर गावाचे नाव, तारीख आणि साल लिहावे. पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा जावे. शहरातल्या प्रयोगशाळेला जे जमत नाही ते गावातल्या शाळेला जमते, कारण शाळा तिथेच असते आणि दर वर्षी असते.

माझ्या विद्यार्थ्याला मी एवढे सगळे एकाच दिवशी सांगितले नाही. "हे दुसऱ्या शंखाचं जेवण झालेलं आहे," एवढेच म्हणालो. तो थोडा वेळ शिंपलीकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे माळेतल्या सगळ्याच..." मी म्हटले, "बहुतेक सगळ्याच." पुढच्या सुट्टीहून येताना त्याने माळ आणली नाही, डबा आणला. डब्यावर चिठ्ठी होती, आणि चिठ्ठीवर बहिणीच्या अक्षरात गावाचे नाव आणि तारीख लिहिलेली होती.